उघड्या कार्डावरची उत्तरं

विधानसभेत विचारलेला प्रश्न आमच्या ऑफिसात पोचायचा तेव्हा तो प्रश्न राहिलेला नसायचा. सचिवालयातून खाली उतरत उतरत येताना त्यातला विचारणारा माणूस वाटेतच गळून जायचा. आमच्या हाती यायचा तो सायक्लोस्टाइल केलेला कागद, त्यावर ‘तातडीचे’ असा शिक्का, आणि खाली चार-पाच रकाने. रकाने भरून पाठवायचे. ते कोणी वाचले, त्यावर सभागृहात काय झालं, हे आम्हाला कळायचं ते वर्तमानपत्रातून, तेही नजर गेली तर.

सत्तरनंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट आहे. उपनगरातल्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये मी कारकून होते. लोक नुसतं एक्स्चेंज म्हणायचे. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतची आणि खाली माहुलकडची मुलं तिथे नाव नोंदवायला यायची. प्रत्येकाची दोन कार्डं असत, एक त्याच्या खिशात आणि एक आमच्या लाकडी खणात. कंपनीकडून माणसांची मागणी आली की ज्याची नोंदणी जुनी त्याचं नाव आधी पाठवायचं. म्हणून नोंदणीची तारीख ही त्या मुलांची खरी मिळकत होती. ठरावीक महिन्यांनी येऊन कार्डावर शिक्का मारून घ्यावा लागे, त्याला सगळे ‘रिन्यू’ करणं म्हणत. जो आला नाही त्याची थोडे दिवस वाट बघायची आणि मग त्याचं कार्ड चालू खणातून काढून बादच्या खणात टाकायचं. ते तिकडे गेलं की तारीखही गेली. नंतर आला तर नव्या तारखेने रांगेच्या शेवटी.

आमच्या भागातल्या बेकारांचा आकडा म्हणजे चालू खणातल्या कार्डांची संख्या, दुसरं काही नाही. कार्ड खणात आहे तो बेकार. कार्ड नाही तो बेकार नाही, मग तो दिवसभर विडी फुंकत नाक्यावर उभा का असेना. मी तिथे लागले तेव्हा पहिल्या आठवड्यातच हे माझ्या लक्षात आलं होतं आणि मला त्याचं हसूही आलं होतं. हसू यायला काय जातं? माझं कार्ड तेव्हा खणातून निघालेलं होतं ना.

मला तिथे नाव नोंदवायला नेलं होतं माझ्या दादाने. तो माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, आयटीआय केलेला फिटर. ज्या लहानशा कारखान्यात तो लागला होता त्याच्या मालकाने एक दिवस दाराला टाळं लावलं आणि आत राहिलेली स्वतःची हत्यारंसुद्धा दादाला मिळाली नाहीत. त्याने लगेच नाव नोंदवलं. मी मॅट्रिक झाले तेव्हा तोच मला घेऊन गेला, रांगेत माझी जागा धरून उभा राहिला, फॉर्म कसा भरायचा ते सांगितलं. पुढे एक्स्चेंजलाच कारकून हवे होते. मला बोलावणं आलं आणि मी लागले. दादाला आलं नाही. फिटरांच्या कार्डांनी खण भरून वाहत होता आणि मागण्या तुरळक यायच्या, एवढंच त्याचं कारण होतं. पण घरात ते कारण कोणी बोलून दाखवलं नाही.

मी खिडकीवर बसायला लागल्यावर दादा एकदाच रिन्यू करायला आला. रांगेत सव्वा तास उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा त्याने कार्ड पुढे सरकवलं, मी शिक्का मारला, आणि मागच्यांना कळू नये म्हणून तो बाकीच्यांसारखंच “थँक यू, मॅडम” म्हणाला. मीही मान वर केली नाही. ऑफिसात मी कोणाला सांगितलं नव्हतं की माझा भाऊ ह्याच खणात आहे. मला लाज वाटत होती, आणि ती लाज दादाची नव्हती, माझीच होती, हे आज मी साफ सांगते.

त्यानंतरच्या खेपेला तो गेला नाही. मी आठवण केली. कार्ड दे, मी शिक्का मारून आणते, असंही म्हटलं. तो भाकरी मोडत होता. “राहू दे गं,” म्हणाला, “तुझ्या हातचा शिक्का नको मला.” मला राग आला. मी काय त्याच्यावर उपकार करत होते? यायचं तर ये, नाहीतर बस, असं मनात म्हणून मी विषय सोडून दिला. आमच्या घरात बाबा, दादा आणि मी, तिघंही तसेच, एकापेक्षा एक हट्टी. मुदत उलटली आणि एका दुपारी शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने इतर गठ्ठ्याबरोबर दादाचं कार्ड बादच्या खणात टाकलं. मी बघत होते. बाद झालेलं कार्ड लगेच आलं तर साहेब सवलत देत, एवढा एक आधार मनाशी धरून मी गप्प बसले.

तो प्रश्न आला तो ह्याच सुमारास. पूर्वेकडच्या उपनगरांत नोंदलेल्या बेकारांची संख्या कमी झाली आहे हे खरं आहे का, आणि खरं असेल तर ज्यांची नावं कमी झाली त्यांना नोकऱ्या लागल्या का, असं कोणीतरी विचारलं होतं. विचारणाऱ्याला नेमकं कुठे बोट ठेवायचं ते ठाऊक होतं, असं मला अजून वाटतं. पहिल्या भागाचं उत्तर सोपं होतं, कार्डं मोजली की झालं. दुसऱ्या भागाचं उत्तर देण्याची ऑफिसांची एक ठरलेली रीत होती. नूतनीकरणाला आले नाहीत, त्या अर्थी बहुधा नोकरी लागली असावी, असं लिहून मोकळं व्हायचं.

आमचे साहेब मात्र तसे नव्हते. पेन्शनीला आलेला, सावकाश बोलणारा माणूस. ‘बहुधा’ हा शब्द त्यांना सहन व्हायचा नाही. ते म्हणाले, विचारलंय तर आपणही त्यांना विचारू. आणि बाद खणातल्या प्रत्येकाला जोडकार्ड पाठवायचं ठरलं. जोडकार्ड म्हणजे एकमेकांना जोडलेली दोन पोस्टकार्डं. एकावर आपण मजकूर लिहायचा, दुसरं फाडून त्यावर त्याने उत्तर लिहून टपालात टाकायचं. आपण नूतनीकरणासाठी आला नाहीत, आपणांस नोकरी मिळाली आहे काय, असा मजकूर आम्ही सायक्लोस्टाइल केला. आम्ही तिघं कारकून आठवडाभर पत्ते लिहीत होतो. खरं विचारायला निघालेलं एकही सरकारी काम मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि मला साहेबांचा अभिमान वाटत होता. दादाच्या कार्डावर आमच्या चाळीचा पत्ता मीच लिहिला. त्याचं मला बरंच वाटलं. मी सांगून ऐकत नाही ना, आता सरकार विचारतंय, देईल उत्तर. ‘नाही’ लिहून पाठवलं की साहेबांकडून कार्ड परत चालू करून घेता येईल, असा माझा हिशेब होता.

एक गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आली नाही. कार्ड उघडं असतं.

उत्तरं यायला लागली तशी साहेबांची मुद्रा उजळत गेली. नोकरी आहे. नोकरी लागली. कृपेने बरे चालले आहे. माहुलच्या कोळीवाड्यातून दोन-तीन आली, मुलगा होडीवर जातो, घरचा धंदा आहे. त्या खाडीत तेव्हा जाळ्याला काही लागत नव्हतं म्हणूनच ती मुलं आमच्याकडे आली होती. मला थोडं नवल वाटलं, पण थोडंच. लागली असेल मासळी परत, असं मी स्वतःला सांगितलं. न लागायला काय झालं?

मग एका सकाळी टपालाचा गठ्ठा सोडताना मला बाबांचं अक्षर दिसलं. गिरणीत जॉबर म्हणजे मुकादम असताना हजेरी लिहून लिहून त्यांचं अक्षर मोठं आणि उभं झालं होतं, ते मी कुठेही ओळखलं असतं. मुलगा कंपनीत कायम आहे, कळावे. खाली त्यांची सही.

माझ्या बाबांनी आयुष्यात कधी खोटं लिहिलेलं नव्हतं. गिरणीत एका माणसाची खोटी हजेरी लावायला नकार दिला म्हणून त्यांनी मार खाल्लेला होता. मी ते कार्ड उलटं करून टेबलावर ठेवलं आणि बाहेर जाऊन पाणी पिऊन आले.

काय झालं होतं ते संध्याकाळी दादा घरात नसताना बाबांनी सांगितलं. दादासाठी स्थळ बघत होते. आई गेल्याला चार वर्षं झाली होती, मी लग्न होऊन गेले की चुलीपाशी कोण, ही बाबांची काळजी होती. मुलुंडचं स्थळ आमच्याच चाळीतल्या वरच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी आणलं होतं. ते मुलीचे मामा. दादा कधी एखाद्या गॅरेजमध्ये दोन दिवस, कधी कुठे चार दिवस वेल्डिंगला असा जायचा, त्यामुळे सकाळी निघणारा मुलगा कुठे जातो हे मामांनी कधी खोदून विचारलं नव्हतं, आणि बाबांनी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी पोस्टमन आला तेव्हा दादा घरी नव्हता. मामा खाली नळापाशी उभे होते. पोस्टमनने आमच्याकडे नेहमीच करायचा तसा कार्डावरचा मजकूर मोठ्याने वाचला. आमच्या चाळीत अर्ध्या बिऱ्हाडांना वाचता यायचं नाही, म्हणून तो सगळ्यांचीच कार्डं वाचायचा, त्यात त्याचं काही वाईट नव्हतं. नोकरी मिळाली आहे काय, असं सरकार विचारतंय म्हणाला. मामांनी वर बघितलं. बाबांनी गॅलरीतून खाली येऊन पोस्टमनचं पेन मागितलं, त्याच्याच पिशवीवर कार्ड ठेवलं आणि उत्तर लिहून त्याच्या हातात दिलं.

तेव्हा मला सगळी कार्डं कळली. बेकार असल्याचं आमच्या खिडकीवर येऊन सांगणं वेगळं आणि ते उघड्या कार्डावर लिहून गल्लीतून, पोस्टमनच्या हातून, पेटीतून फिरवणं वेगळं. कुठल्या आईने ते लिहिलं असतं? कुठल्या बापाने? आम्ही साध्या लिफाफ्यात घालून विचारलं असतं तर निम्म्यांनी तरी खरं लिहिलं असतं. साहेबांनी सरळ मनाने प्रश्न विचारला होता आणि चाळीचाळीतून लोकांनी अब्रू सांभाळून उत्तर दिलं होतं. त्यातून जो आकडा तयार झाला त्यावर कोणीही शंका घेऊ शकत नव्हतं, कारण तो लोकांनी स्वतःच्या हाताने लिहून दिला होता.

मला साहेबांपुढे जाऊन एवढंच बोलायचं होतं की हे कार्ड माझ्या वडिलांचं आहे आणि ते खोटं आहे. ते ऐकून घेणारे होते. बाकीच्या कार्डांकडेही त्यांनी मग वेगळ्या नजरेने पाहिलं असतं. पण ते सांगायचं तर बापाला खोटा म्हणायचं, भाऊ घरी बसलाय हे ऑफिसला सांगायचं, आणि लग्न मोडलं तर ते माझ्यामुळे. दोन दिवस मी ते कार्ड दप्तरात खाली ठेवलं. तिसऱ्या दिवशी साहेबांनी गठ्ठे मागितले. मी ते ‘नोकरी मिळाली’ च्या गठ्ठ्यात घातलं आणि दादाच्या बाद कार्डावर लाल शाईने तसा शेरा मारला. असा शेरा पडलेलं कार्ड पुन्हा चालू करता येत नाही. ते मला माहीत होतं.

माहिती वर गेली. साहेबांनी ‘बहुधा’ न लिहिता उत्तर पाठवलं आणि आम्हा तिघांना चहा मागवला.

दीड महिन्याने माहुलच्या बाजूच्या एका कंपनीची मागणी आली. फिटर हवे होते, कायम जागा, वयाची अट होती. अशी मागणी आमच्याकडे वर्षा-दोन वर्षांतून एकदा यायची. खणातून नावं काढायचं काम माझ्याकडे होतं. दादाच्या आसपासच्या तारखांची कार्डं मी एकेक करून बाहेर काढली. त्याच्या आधीच्या महिन्यात नोंदलेल्या मुलाचं नाव गेलं, त्याच्या नंतरच्या महिन्यातल्याचंही गेलं. वयाच्या अटीत दादा तेवढ्या वर्षापुरता बसत होता. यादी टाइप करून मी सहीला नेली.

घरी मी फक्त बाबांना सांगितलं. ते खाटेवर बसून पायाला तेल लावत होते. सगळं ऐकल्यावर त्यांनी वाटी खाली ठेवली. कार्ड मागे घेता येतं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आता नाही येत, ते उत्तर सरकारचं झालं. त्यांनी तेलाचे हात पंचाला पुसले. मग म्हणाले, “तेका ह्यातला कायव सांगू नको.”

अधिवेशनाच्या दिवसांत एका सकाळी दादा वर्तमानपत्र वाचत उंबऱ्यावर बसला होता. आतल्या पानावर खाली चार ओळी होत्या. पूर्व उपनगरांतल्या नोंदलेल्या बेकारांची संख्या घटली आहे आणि नावं कमी झालेल्यांपैकी बहुतेकांना नोकऱ्या मिळाल्याचं चौकशीत दिसून आलं आहे, असं सरकारतर्फे सांगण्यात आलं होतं. त्याने ते दोनदा वाचलं असावं. मग त्याने मला विचारलं, हा आकडा तुमच्याच ऑफिसातून जातो ना. मी वेणी घालत होते. जातो, म्हटलं.

“मग खराच असणार,” तो म्हणाला. “म्हणजे माझ्याबरोबर ज्यांनी जायचं सोडलं, त्या सगळ्यांना लागल्या. राहिलो तो मीच.”

एका वाक्यात मी त्याच्या डोक्यावरचं ते ओझं उतरवू शकले असते. बाबा आत देवापाशी होते, त्यांचा आवाज थांबला होता. मी डबा घेऊन निघून गेले. आजवर मी जे जे वाईट वागले असेन त्यात हे सर्वांत वाईट.

त्यानंतर दादा कोणाशी फारसा बोलेना. चाळीतली त्याच्याच वयाची दोन-तीन मुलं, तीही कामाशिवाय, गॅलरीच्या टोकाला बसायची, त्यांच्यात तो जायचा बंद झाला. त्याला वाटत होतं की त्यांनाही लागल्या आणि ती नुसती सुट्टीच्या दिवशी बसतात. कदाचित त्यांनाही दादाबद्दल तेच वाटत असेल. दाढी करायचा तेव्हा आरशात नीट बघायचाही नाही. दोष आपल्यातच काही असणार, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं, आणि एकदा ते केल्यावर तो सरळ माणूस दुसऱ्याला फसवत कसा बसणार?

पुढच्या रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून एकटाच मुलुंडला गेला. कुठे चाललास विचारलं तर त्याने सांगितलं नाही. दुपारी उन्हाचा परत आला, हातपाय धुतले आणि भिंतीला टेकून खाली बसला. बाबा खाटेवर पडले होते, त्यांचं तोंड भिंतीकडे होतं, पण ते झोपलेले नव्हते.

दादाने शांतपणे सांगितलं. तो मुलीच्या वडिलांना भेटून आला होता. मला नोकरी नाही, तीन वर्षं नाही, आणि लागेल असं वाटतही नाही, माझ्यातच काही कमी असेल, तुम्ही मुलीचं दुसरीकडे बघा, असं तो त्यांना म्हणाला होता. ते गृहस्थ चिडतील, निदान मामांना बोलावतील असं त्याला वाटलं होतं. त्यांनी आत जाऊन स्वतःच्या मुलाला बाहेर बोलावलं. मुलीचा मोठा भाऊ, आयटीआय झालेला टर्नर, दोन वर्षं घरी. त्यांच्याकडेही सरकारचं जोडकार्ड आलं होतं. बहिणीचं लग्न ठरत असताना भाऊ घरी बसलाय हे पोस्टमनच्या तोंडून चार लोकांना कळू नये, म्हणून त्यांनी नोकरी आहे असं लिहून दिलं होतं. त्यांच्या ओळीतल्या आणखी दोन घरांनीही तसंच लिहून दिलं होतं. लग्नाचं पुढे बघू, म्हणाले. म्हणजे लग्न मोडलंच. पण निघताना तो टर्नर दादाबरोबर स्टेशनपर्यंत चालत आला.

एवढं सांगून दादाने माझ्याकडे पाहिलं. तो हुशार होता, त्याला फार वेळ लागला नाही.

“आपल्याकडे आलं होतं का गं तसलं कार्ड?”

खाटेवरून बाबा म्हणाले, “ता कार्ड मी लिवलंय.” त्यांनी कूस बदलली नाही.

अर्धं सांगून ठेवणं आता अधिक वाईट होतं. मी त्याला माहुलच्या मागणीचंही सांगितलं, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या तारखांचं, लाल शेऱ्याचं, आणि तो शेरा मी माझ्या हाताने मारला हेही. सांगताना मी रडले नाही. मला तो हक्क आहे असं वाटत नव्हतं. दादा गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत राहिला. तो आता उठून काहीतरी फेकेल, निदान बाबांना दोन शब्द बोलेल, असं मला वाटत होतं, आणि खरं तर मला तेच हवं होतं.

तो उठला, खाटेच्या कडेला बाबांच्या पायाशी जाऊन बसला.

“मी घरी असतो ना त्या दिवशी,” तो म्हणाला, “तर मीही तेच लिहिलं असतं.”